‘हलके काम’ की त्याचेच काम : कोल्हापुरातील एका मधुमेही मोल्डरचे प्रकरण

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, २०२३ च्या उन्हाळ्यात हे प्रकरण सुरू झाले. कारखान्यात त्या वेळी १८० कामगार होते आणि तिन्ही पाळ्या चालत. मी तेथे व्यवस्थापनाचा कामगारविषयक सल्लागार होतो, त्यामुळे जे पुढे लिहिले आहे त्यातील काही निर्णयांत माझाही हात आहे. कारखान्याचे आणि कामगाराचे नाव दिलेले नाही. पाळीतले सगळे त्यांना ‘अण्णा’ म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. प्रकरण लिहून काढण्यास त्यांची संमती घेतली तेव्हा त्यांनी एकच अट घातली : “लिवा की साहेब, पर दारूचं खोटं हुतं, हे आधी लिवा.” म्हणून सुरुवात तेथूनच करतो. त्या दिवशी अण्णा दारू प्यालेले नव्हते. ते माळकरी आहेत आणि दारूला शिवत नाहीत.

त्या दिवशी काय घडले

अण्णांचे वय तेव्हा ४७ होते. मोल्डर म्हणून, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे तयार करणारा कारागीर म्हणून, त्यांची त्याच कारखान्यात १९ वर्षे झाली होती आणि मधुमेहाला ११ वर्षे. पहिली दहा वर्षे गोळ्यांवर निभावले. मग साखर आटोक्यात राहीना, म्हणून त्या वर्षीच्या जानेवारीत डॉक्टरांनी दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि रात्री जेवणाआधी, मिश्र इन्सुलिन सुरू केले. गोळ्या चालू असल्याचे पाळीत दोघा-तिघांना ठाऊक होते. इन्सुलिनचे मात्र त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते, कारण ‘सुई लागली म्हणजे माणूस संपला’ अशी समजूत आपल्याकडे अजून आहे आणि कायम नोकरीतल्या माणसालाही तिची भीती वाटते.

पहिली पाळी सात ते तीन. अण्णांनी पावणेसहाला इन्सुलिन घेतले, सव्वासहाला भाकरी-भाजी खाल्ली आणि करवीर तालुक्यातील आपल्या गावाहून मोटारसायकलने ते कामावर आले. जेवणाची सुट्टी साडेअकराला असते. त्या सकाळी वीज तासभर गेल्याने भट्टीचे वेळापत्रक मागे पडले होते आणि तिसरी हीट, म्हणजे वितळलेल्या धातूची तिसरी खेप, ओतून झाल्यावरच सुट्टी होईल असे सुपरवायझरने सांगितले.

पावणेबाराच्या सुमारास अण्णा मोल्डबॉक्सना, म्हणजे साच्याच्या पेट्यांना, त्यांचे दोन भाग घट्ट धरून ठेवणारे क्लँप लावत होते. त्यांच्या हाताखालच्या पोराने नंतर सांगितले, की अण्णा क्लँप हातात घेऊन त्याच्याकडे नुसते बघत उभे होते, जणू ही वस्तू कशाची हे आठवत नव्हते. त्यांनी एका बॉक्सला दोनदा क्लँप लावला आणि शेजारचा तसाच सोडला. त्या बॉक्समध्ये सुमारे १,४०० अंश सेल्सिअसचा धातू ओतला गेला, वरचा भाग उचलला गेला आणि सांध्यातून धातू बाहेर आला. ज्याला फौंड्रीत रन-आउट म्हणतात तो हा प्रकार. धातू वाळूवर पसरला, कोणाला इजा झाली नाही, एक कास्टिंग मात्र भंगारात गेले.

सुपरवायझर ओरडला. अण्णांनी जड जिभेने त्याला शिवी दिली. एकोणीस वर्षांत कोणी त्यांच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती, पण त्या क्षणी हे कोणाच्या ध्यानात आले नाही. तोल जातो आहे, बोलणे अडखळते आहे, डोळे तारवटलेले आहेत, म्हणजे हा पिऊन आला आहे असा निष्कर्ष निघाला आणि त्यांना गेटजवळच्या बाकावर नेऊन बसवले. दरदरून घाम फुटणे हे साखर उतरल्याचे ठळक लक्षण आहे, परंतु एप्रिलमध्ये फौंड्रीत प्रत्येकाचाच शर्ट अंगाला चिकटलेला असतो.

हाताखालचा पोरगा धावत टपरीवर गेला आणि चहा घेऊन आला. टपरीवाल्याला अण्णांची सवय ठाऊक होती, त्यामुळे त्याने चहा नेहमीसारखा बिनसाखरेचा दिला. अण्णांनी तो प्यायला. साखरेची गरज असलेल्या माणसाला त्याच्याच पथ्याचा चहा मिळाला, आणि दोघांचाही हेतू चांगला होता. या सबंध प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग हाच आहे. वीस मिनिटांनी अण्णा बाकावरून खाली कोसळले. कंपनीच्या गाडीतून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातील साखर ४६ मिलिग्रॅम भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्या वेळाने ते भानावर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो बॉक्सला क्लँप लागला होता का, हा.

साखर त्याच वेळी का उतरली

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी मानतात आणि ५४ च्या खाली गेली की मेंदूला पुरवठा तोकडा पडू लागतो. मग माणूस गोंधळतो, चिडतो, अडखळतो आणि आपल्याला काय होते आहे हे त्याला स्वतःलाही उमगत नाही. अण्णांच्या मिश्र इन्सुलिनमध्ये ३० टक्के लवकर काम करणारे आणि ७० टक्के सावकाश काम करणारे इन्सुलिन असते. पहिल्याचा जोर दोन ते चार तासांनी असतो, दुसऱ्याचा चार तासांनंतर चढत जातो. पावणेसहाला घेतलेल्या मात्रेचा पहिला ओसरता आणि दुसरा चढता जोर सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान एकावर एक येतात. त्यात मोल्डिंगचे अंगमेहनतीचे काम, आणि उष्णतेमुळे त्वचेखालचे इन्सुलिन रक्तात लवकर मिसळते ते वेगळेच. अशा माणसाने दहाच्या सुमारास काहीतरी खाणे आवश्यक असते. डॉक्टरांनी जानेवारीत तसे सांगितलेही होते, पण मोल्डिंग विभागात खाण्यास मनाई होती आणि जागा सोडायची तर कारण सांगावे लागले असते.

व्यवस्थापनाने चौकशीत त्यांना विचारले, की त्या दिवशी एकादशीचा उपवास होता का. नव्हता. तरीही हा प्रश्न रास्त होता आणि पुढे डॉक्टरांनी एकादशीच्या दिवसाची मात्रा व खाणे वेगळे लिहून दिले. उपवास सोडण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही, याचा अण्णांवर चांगला परिणाम झाला.

‘हलके काम द्यावे’

दुसऱ्या दिवशी अण्णांना नशेत कामावर असणे आणि इतरांच्या जिवाला धोका निर्माण करणे या दोन आरोपांची कारणे दाखवा नोटीस निघाली. दवाखान्याचा कागद दाखवल्यावर पहिला आरोप तोंडी मागे घेतला गेला, तोंडीच. दुसऱ्याबाबत ‘मानवी दृष्टिकोनातून’ पुढील कारवाई न करण्याचे ठरले आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणण्यास सांगितले. अण्णांनी गावातल्या डॉक्टरांकडून दोन वाक्यांचे प्रमाणपत्र आणले : “रुग्णास मधुमेह आहे. हलके काम द्यावे.”

व्यवस्थापनाने या वाक्याप्रमाणे त्यांना गेटवर, वाहनांची नोंद ठेवण्याच्या कामावर दिले. माझा सल्ला विचारला तेव्हा मीही होकार दिला. ओतकामाच्या जागी असा प्रसंग पुन्हा घडला तर काय, ही काळजी खरी होती आणि गेटवरची खुर्ची सुरक्षित वाटत होती. तो सल्ला चुकीचा होता आणि तो का चुकला हे सांगणे हाच हे प्रकरण लिहिण्यामागचा माझा मुख्य उद्देश आहे.

गेटवर गेल्याने अण्णांचा कौशल्य भत्ता बंद झाला आणि जादा कामाचे पैसेही थांबले. दोन्ही मिळून महिन्याला सुमारे ४,००० रुपये कमी येऊ लागले. मूळ पगार १९,००० रुपयांच्या आत असलेल्या घरात एवढ्या रकमेचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही. गेटवर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या होत्या आणि बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नसे, म्हणजे ज्या कारणाने साखर उतरली होती ते जेवणाच्या वेळेचे अनिश्चितपण मोल्डिंगपेक्षा येथे अधिक होते. आठवड्याआड येणारी रात्रपाळी तशीच राहिली. दिवसभर बसून राहिल्याने मेहनत घटली आणि साखर वर चढू लागली. जुलैत तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी केली तेव्हा ती जानेवारीपेक्षाही वाईट आली. आणि एकोणीस वर्षे ज्याच्या हाताखाली पोरे शिकली तो माणूस ट्रकचे नंबर लिहीत बसला. हे नुकसान कोणत्याही तपासणीत उमटत नाही, पण ते मी त्यांच्या चेहऱ्यावर रोज पाहिले.

कायदा कोठवर जातो

जुलैअखेर कामगार संघटनेने पत्र दिले. त्यात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा आधार घेऊन ‘वाजवी सोयी-सवलती’ची मागणी होती, शिवाय भत्ता बंद करणे म्हणजे औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-ए प्रमाणे नोटीस न देता केलेला सेवाशर्तींतील बदल आहे, असाही मुद्दा होता. व्यवस्थापनाने मला विचारले, की मधुमेह म्हणजे दिव्यांगत्व आहे का. मी दोन्ही बाजूंना एकाच खोलीत बसवून जे सांगितले ते येथे देतो, कारण या बाबतीत दोन्हीकडून अतिशयोक्ती होते.

१९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत आणि त्यात मधुमेहाचे नाव नाही. मधुमेहामुळे दृष्टी क्षीण झाली किंवा पाय कापावा लागला तर ती व्यक्ती त्या त्या प्रकारात येऊ शकते, म्हणजे हानी होऊन गेल्यावर. दुसऱ्या बाजूने, कलम २ मधील दिव्यांग व्यक्तीची व्याख्या अनुसूचीपुरती बांधलेली नाही. दीर्घकालीन शारीरिक न्यूनता आणि भोवतालचे अडथळे मिळून ज्याच्या सहभागाला बाधा येते, अशा व्यक्तीचा ती विचार करते. त्याच कलमात वाजवी सोयीची व्याख्या आहे : समोरच्यावर अवास्तव बोजा न पडता त्या विशिष्ट प्रसंगी करावयाचे आवश्यक व योग्य फेरफार. अशी सोय नाकारणे हा भेदभावाचाच प्रकार मानला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक देताना, वाजवी सोय ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापुरती मर्यादित ठेवता येणार नाही असे स्पष्ट केले. तथापि नोकरीतील वाजवी सोयीचे थेट बंधन कलम २० ने शासकीय आस्थापनांवर घातले आहे. खासगी आस्थापनांवर कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन आहे. आमच्या कारखान्याने असे धोरण केलेलेच नव्हते.

याच मुद्द्यावर अमेरिकेतील १९९० चा अपंगत्वविषयक कायदा २००८ मध्ये दुरुस्त करावा लागला, कारण औषधाने साखर आटोक्यात राहणाऱ्या माणसाला तेथील न्यायालये संरक्षण नाकारू लागली होती. दुरुस्तीनंतर अंतःस्रावी ग्रंथींचे कार्य हे जीवनाचे प्रमुख कार्य ठरले आणि औषधाचा परिणाम बाजूला ठेवून आजाराचा विचार करण्याची तरतूद आली. आपल्याकडे इतके स्पष्ट वाक्य कायद्यात नाही. म्हणून न्यायालयात जिंकूच असे संघटनेने समजू नये आणि बंधन नाहीच असे व्यवस्थापनाने समजू नये, असे मी म्हणालो.

खरी अडचण व्यवस्थापनाला वेगळ्याच कायद्याने दाखवली. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५५ प्रमाणे कोणत्याही कामगाराकडून किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नसे. सातला सुरू झालेल्या पाळीची सुट्टी बाराच्या आत सुरू व्हायला हवी होती. घटनेच्या दिवशी ती १२ वाजून २५ मिनिटांनी झाली. हजेरीचे कागद काढले तेव्हा त्या महिन्यात आणखी चार दिवस तसेच घडल्याचे दिसले. हे उल्लंघन सगळ्या पाळीच्या बाबतीत होते, अण्णांच्या शरीराने ते फक्त आधी दाखवले. कागद टेबलावर आल्यावर बैठकीतले बोलणे बदलले.

दुसरे प्रमाणपत्र

ऑगस्टमधील त्या बैठकीआधी मी एक गोष्ट केली, जी एप्रिलमध्येच करायला हवी होती. अण्णांवर उपचार करणाऱ्या फिजिशियनना अण्णांच्या संमतीने एक पत्र पाठवले आणि त्यात मोल्डरच्या कामाचे वर्णन तासागणिक लिहिले : किती वाजता काय उचलावे लागते, ओतकामाच्या वेळी लॅडलपासून, म्हणजे वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्यापासून, किती अंतरावर उभे राहावे लागते, पाणी कोठे मिळते, पाळ्या कशा फिरतात. डॉक्टरांना रुग्ण दिसतो, कारखाना दिसत नाही, आणि न पाहिलेल्या जागेसाठी ते ‘हलके काम’ याखेरीज दुसरे काय लिहिणार?

उत्तरादाखल आलेले प्रमाणपत्र पानभर होते. त्यात आजाराचा तपशील मोजका आणि कामाचा तपशील भरपूर होता. अण्णा मोल्डिंगचे सर्व काम करू शकतात, डोळे व पायांची संवेदना चांगली आहे, साखर उतरू लागल्याचे त्यांना साधारणपणे वेळेत कळते, असे लिहून पुढे गरजा नोंदवल्या होत्या. पहिल्या पाळीत पावणेदहा ते दहाच्या दरम्यान खाण्यासाठी दहा मिनिटे. ओतकामाआधी साखर तपासण्याची मुभा. अंगावर ग्लुकोज बाळगण्याची परवानगी. जेवणाची सुट्टी ठरल्या वेळी. सहा महिने रात्रपाळी नको, नंतर फेरविचार. सकाळची मात्रा डॉक्टरांनी कमीही केली होती. ‘हलके काम’ हे शब्द त्यात कोठेही नव्हते.

उत्पादन व्यवस्थापकांचा आक्षेप गंभीर होता. या फौंड्रीत एस.जी. आयर्न हे मॅग्नेशियम वापरून केलेले ओतीव लोखंड ओततात. मॅग्नेशियमची प्रक्रिया केलेला धातू दहा-बारा मिनिटांत साच्यात गेला नाही तर मॅग्नेशियमचा परिणाम ओसरतो आणि माल नापास होतो, त्यामुळे ‘माझ्या माणसाला मध्येच भूक लागली’ हे कारण भट्टी ऐकत नाही. हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. तोडगा सुचवला तो भट्टीवरच्या जुन्या कामगाराने. भट्टी भरल्यापासून धातू तयार होईपर्यंत बराच वेळ जातो आणि त्या वेळात मोल्डरची दहा मिनिटे सहज निघतात, तेव्हा खाण्याची वेळ घड्याळाला बांधण्याऐवजी दुसऱ्या हीटच्या भरणीला बांधावी आणि ती साडेनऊ ते दहाच्या बाहेर जाऊ नये एवढेच पाहावे, असे तो म्हणाला. डॉक्टरांनी फोनवर होकार दिला. चार महिने जो प्रश्न कायद्याचा म्हणून चालला होता त्याचे उत्तर काम करणाऱ्या माणसाकडे तयार होते, त्याला कोणी विचारले नव्हते.

प्रत्यक्ष व्यवस्था

सोय कागदावर ठरवणे वेगळे आणि वाळू-धुराच्या जागी चालवणे वेगळे. मोल्डिंग विभागात सिलिकाची धूळ असल्याने खाण्यास मनाई योग्यच होती, म्हणून सुपरवायझरच्या केबिनमधील एक टेबल ठरवले आणि बाहेर हात धुण्याची सोय केली. हात धुणे येथे स्वच्छतेपुरते नाही. बोटाला गुळाचा, फळाचा अंश किंवा धूळ असली तर ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवतो. चाचणीच्या पट्ट्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतात, त्यामुळे त्या लॉकरऐवजी केबिनमधील कपाटात ठेवल्या. अण्णांच्या शर्टाच्या खिशाला बटण असलेली झडप शिवून घेतली, आत ग्लुकोज पावडरच्या छोट्या पुड्या. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून घ्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि आकडा वर आल्याशिवाय लॅडलजवळ जायचे नाही, असा नियम ठरला. गुळाचा खडा किंवा चॉकलेट का नको, असे एकाने विचारले. काहीच नसेल तर गूळही चालेल, पण निव्वळ ग्लुकोज लवकर चढते आणि चॉकलेटमधील चरबीमुळे साखर मिसळायला उशीर लागतो.

दुसऱ्या पाळीत, तीन ते अकरा, रात्रीची मात्रा कामावरच घ्यावी लागणार होती. अण्णांना इन्सुलिन कर्मचारी राज्य विमा योजनेच्या दवाखान्यातून मिळते. ते दर मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेच्या बाटलीत असते आणि त्याला ४० युनिटचीच सिरिंज लागते. पेनसाठीचे १०० युनिटचे इन्सुलिन चुकून त्या सिरिंजने घेतले तर मात्रा अडीचपट जाते. बाटली कार्यालयाच्या फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात ठेवली, बर्फाच्या कप्प्यात नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा ठेवला. एक जादा बाटलीही तेथेच असावी असा आग्रह अण्णांनी धरला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले तेव्हा कोण कोठे अडकले, हे त्या बैठकीतल्या प्रत्येकाने पाहिलेले होते, त्यामुळे यावर चर्चाच झाली नाही.

प्रत्येक पाळीतील दोघांना लक्षणे ओळखायला शिकवले. शुद्धीवर असेल तर ग्लुकोजचे पाणी, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची. ‘अण्णांना साखरेचा चहा’ ही सूचना टपरीवाल्यालाही दिली. अशा माणसाला एकट्याला गेटबाहेर बसवायचे नाही, हा नियम मी स्वतः लिहिला.

कुरबुरी झाल्या. रात्रपाळी एकाला माफ म्हणजे तिचा भार दुसऱ्यावर, आणि तो दुसरा गप्प का बसेल? अण्णांनीच मार्ग काढला. कोणालाही नको असलेली शनिवारची दुसरी पाळी त्यांनी सहा महिने कायमची घेतली. त्यानंतर तक्रार थांबली, निदान उघड तक्रार. ‘उद्या सगळेच मागतील’ ही व्यवस्थापनाची भीती होती, ती खरी ठरली नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, प्रौढांमध्ये ११.४ टक्के. हे प्रमाण एका कारखान्याला जसेच्या तसे लावता येत नाही, तरीही आमच्या १८० पैकी पुढच्या वर्षभरात पुढे आले ते अण्णांखेरीज दोनच. सगळे मागतील याची काळजी करण्यापेक्षा मागत का नाहीत याची करायला हवी होती.

वर्षभरानंतर

सप्टेंबर २०२३ मध्ये अण्णा मोल्डिंगवर परत आले आणि भत्ता सुरू झाला. पुढील वर्षात साखर कमी होण्याचे प्रसंग दोनदा आले. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः पुडी फोडली, एकदा ६४ आणि एकदा ६१ आकडा होता, दोन्ही वेळा वीस मिनिटांत ते कामावर होते. एचबीएवनसी खाली आली. सहा महिन्यांनी रात्रपाळीचा फेरविचार झाला आणि डॉक्टरांनी माफी आणखी सहा महिने वाढवली. जेवणाची सुट्टी सबंध पाळीला आता बाराच्या आत मिळते.

गेटवरच्या चार महिन्यांत बुडालेला भत्ता मिळाला नाही. त्याबाबत मी दोनदा लेखी शिफारस केली आहे. समान संधी धोरण तयार झाले आणि राज्य आयुक्तांकडे नोंदणीसाठी पुण्याला पाठवले. नशेचा आरोप मागे घेतल्याचे पत्र मात्र अण्णांना ऑगस्टमध्येच मिळाले, कारण बैठकीत बसण्याआधीची त्यांची ती अट होती. ते पत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतले आहे.

एप्रिल २०२४ मध्ये क्रेनवरचा ऑपरेटर मला पार्किंगमध्ये गाठून बाजूला घेऊन गेला. त्याने स्कूटरची डिकी उघडली. आत रुमालात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली होती, हाताला कोमट लागत होती. दोन वर्षे ती रोज उन्हात तशीच राहत होती. बाटली त्याच दिवशी फ्रिजमध्ये गेली, हा भाग सोपा होता. क्रेनचा नाही. वितळलेल्या धातूची लॅडल ज्याच्या हातात आहे त्याच्या एका मिनिटाच्या गोंधळाची किंमत खाली उभे असलेले देतील, त्यामुळे अण्णांची व्यवस्था उचलून त्याला लावता येत नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या वाहनचालकाने निघण्याआधी दोन तासांच्या आत आणि नंतर दर दोन तासांनी साखर तपासायची असते आणि ती आपल्या मापाने ९० किंवा त्याखाली असेल तर आधी काहीतरी खायचे असते आणि ७२ च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नसते. त्या धर्तीवर क्रेनसाठी काय जमेल हे डॉक्टरांनी काम पाहून ठरवावे, असे मी सुचवले.

ऑपरेटरने ऐकून घेतले. मग म्हणाला, “आधी गेटावर पाठवणार न्हाई असं लिहून द्या, मग जातो तपासणीला.” मूल्यांकन होईपर्यंत त्याला क्रेनवरून खाली, पण पॅटर्न विभागात, त्याच पगारावर आणि त्याच भत्त्यांवर ठेवले जाईल, असे पत्र व्यवस्थापनाने दोन दिवसांत दिले. पत्र मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. पत्रावर त्याने साक्षीदार म्हणून अण्णांची सही घेतली होती.